कारणाच्या जागी एक श्वास

माझ्यावर सर्वात जास्त उपकार कुणाचे, तर आमच्या रेडिओ केंद्राच्या बाईंचे. आईवडिलांना मी यात धरत नाही. त्यांच्याबद्दल उपकार हा शब्द वापरला तर आई रागावेल. बाई माझ्या नात्यातल्या नाहीत. तळेगावातल्या एका शाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर त्याच संस्थेचं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र सांभाळायला घेतलं. आज मी जे काही नीट बोलतो, नीट लिहितो, आणि न चिडता नाही म्हणू शकतो, ते त्यांच्यामुळे.

मी लातूरकडचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. झालो त्या दिवशी वडिलांनी बाजार समितीतल्या सगळ्या हमालांना पेढे वाटले आणि मला विचारलं, "आता तुला काय काय वाचता येतंय?" मी म्हणालो, "तसं सगळंच." त्यांना ते फार मोठं वाटलं. मग सगळंच वाचता येणारा हा मुलगा चाकणला आला आणि कंत्राटावर गाड्यांच्या दारांत वायरी बसवू लागला. तक्रार म्हणून सांगत नाही. त्या कामाने मला दोन वेळचं जेवण दिलं, दिघीत चौघांत एक खोली दिली, आणि पहाटेची बस दिली. रेडिओ मला त्या बसमध्ये सापडला.

पहिल्या शिफ्टची बस मिलिटरीच्या भिंतीजवळ थांबायची. आम्ही चढायचो ते झोपेतच. खिडक्यांवर धुकं, आत कुणाच्या तरी केसांना लावलेल्या तेलाचा वास, आणि चाळीस माणसं माना टाकून बसलेली. प्रत्येकाच्या एका कानात वायर. चाकणचा चौक रांगत रांगत ओलांडला, बस तळेगावच्या रस्त्याला लागली, की कानातली खरखर हळूहळू विरायची आणि आतून एका बाईमाणसाचा आवाज वर यायचा.

"आज पानी ताकावानी हाय. वास न्हाई. म्हशी सोडाय हरकत न्हाई."

दुसऱ्या दिवशी, "आज पानी तांदळाच्या धुवनावानी." कधी, "चहात दूध जादा पडल्यावानी." एकदा ती म्हणाली, "आज पानी हळद लावल्याल्या हातावानी हाय, म्हशी नगा सोडू," आणि मी अर्धवट झोपेत पिवळी नदी पाहिली. ती कारखान्यांच्या शेडमधून, ट्रकांच्या रांगांखालून, आवाज न करता वाहत होती. बरेच दिवस मला वाटायचं की हे मी स्वप्नात ऐकतो. शेवटी मी माझ्या खोलीतल्या गाववाल्याला विचारलं. तो माझ्याच तालुक्यातला, माझ्याच लाइनवर कामाला.

"तुला पण ऐकू येतं का रे ते?"

"कोणतं? म्हशीचं?" त्याने डोळेही उघडले नाहीत. "राव, सगळ्या बसला ऐकू येतं. तुला काय वाटलं, तुझ्यासाठी लागलंय?"

गुरुवारी सुट्टी होती. कासारवाडीहून लोकल धरून मी तळेगावला गेलो आणि तो आवाज कुठून येतो ते शोधलं. शाळेच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. भिंतींना आतून जुन्या गोधड्या ठोकलेल्या. दार लावलं की बाहेरचं सगळं जग पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. बाईंनी मला वर्तमानपत्र वाचायला दिलं. मी वक्तृत्व स्पर्धेत बोलतात तसं वाचलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे भाषण झालं. आता मला सांग." मी पुन्हा वाचलं. "अजून भाषणच आहे." सातव्या आठव्या वेळी मी थकलो आणि साधं बोललो. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून ये." मी लाइनवरचं काम सोडलं आणि केंद्रात नोकरीला लागलो.

बसमध्ये ऐकू यायची ती नदीकाठची बाई रोज सकाळी सहाला केंद्रात फोन करायची. तिची चार जनावरं, थोडी शेती, एक मुलगा कंपनीत. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणू लागलो. ती बोलायची ते आम्ही ध्वनिमुद्रित करायचो, छाटायचो आणि साडेसहाला लावायचो. छाटायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा बाईंनी एकच नियम सांगितला. "काय झालं ते ठेवायचं. का झालं ते काढायचं."

मला कळलं नाही. बाईंनी समजावलं. आमच्यासारख्या केंद्रांना सरकारची परवानगी असते ती माहिती द्यायची, बातम्या द्यायची नाही. उद्या पाणी येणार नाही, ही माहिती. कुणामुळे येणार नाही, ही बातमी. रस्ता बंद आहे, हे सांगा. का खोदून ठेवलाय, ते सांगू नका. ही रेघ कागदावर इतकी सरळ नव्हती. पण बाईंनी ती स्वतःच जरा अलीकडे मारून घेतली होती, म्हणजे पाय चुकून पलीकडे पडायला नको. परवानगी गेली तर दवाखान्याचं सदर, दहावीचे धडे, नोकरीच्या जागा, सगळंच गेलं असतं.

आणि मावशीला तर कारणाशिवाय बोलताच यायचं नाही. पाण्याचा रंग सांगितला की तिचा पुढचा शब्द 'कारन' असायचा. वरच्या कंपनीनं रातीत सोडलं. नगरपालिकेचा नाला फुटला. माझ्या जावेनं वाकळा धुतल्या. एकदा तर तिने आपल्या मुलालाच धरलं होतं, टेम्पो नदीत नेऊन धुतला म्हणून. तिचं कारण खरं की खोटं, आम्हाला माहीत नसायचं. आम्ही सगळीच कारणं सारखीच काढायचो. कंपनीही गेली आणि जाऊही गेली.

पण काढल्यावर दोन्ही टोकं जोडायची नाहीत, हीसुद्धा बाईंचीच शिकवण. "जिथं कापलंस तिथं एक श्वास मोकळा सोड. ऐकणाऱ्याला कळू दे की बाई पुढे बोलली होती आणि आपण काढलं. नाहीतर आपण तिच्या तोंडी आपलं वाक्य घातलं, असं होईल." तो श्वास मी माझा स्वतःचा मोजायचो. आत घेतला, बाहेर सोडला. साधारण चार सेकंद. गोधड्यांच्या त्या खोलीत सकाळी सव्वासहाला मी डोळे मिटून श्वास घ्यायचो, आणि तेवढी जागा मावशीच्या दोन वाक्यांमध्ये ठेवायचो. "आज पानी काळं हाय." श्वास. "म्हशी नगा सोडू." इतकं जपून मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल.

गाववाला तसाच बसने कामाला जात होता. एकदा त्याने मला बसमध्ये फोनवर टिपलेला आवाज पाठवला. खाली इंजिनाची घरघर, त्यावर स्पीकरवर लावलेल्या बऱ्याच फोनांतून एकदम बोलणारी मावशी. "आज पानी काळं हाय." मग माझा श्वास, आणि त्या चार सेकंदांत, पेंगुळलेल्या बसमधून एकेक आवाज:

"कंपनी!"

"नगरपालिका!"

मागून कुणीतरी जाड आवाजात, "जाऊबाई!"

आणि सगळी बस हसली. झोपेतून उठून माणसं हसतात तसं, उबदार आणि जरा घोगरं. "रोज चालतं हे," गाववाला म्हणाला. "ज्याचं कारण जवळचं वाटलं, त्याला चहा."

मी ते कितीदा ऐकलं सांगता येत नाही. मी ठेवलेल्या जागेत माणसं राहायला आली होती, असं मला वाटलं.

रविवारी श्रोत्यांच्या अभिप्रायाचं सदर असायचं. त्या रविवारी बाई पिंपरीला बहिणीकडे होत्या. बसमधलं ते हसू सगळ्यांना ऐकवावं, असं मला फार वाटलं. नियम मला पाठ होता, म्हणून मी तो पाळलाही. कंपनी काढली, नगरपालिका काढली, जाऊबाईही काढली. प्रत्येकीच्या जागी एकेक श्वास सोडला. मग जे वाजलं ते असं होतं: आज पाणी काळं आहे. शांतता. शांतता. शांतता. आणि मग चाळीस माणसांचं हसू.

मला ते सुंदर वाटलं. यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही.

काही आठवड्यांनी दिल्लीहून, परवानगी देणाऱ्या खात्याचं पत्र आलं. एका श्रोत्याची तक्रार होती. केंद्र हेतुपुरस्सर विराम ठेवतं, त्यातून ऐकणाऱ्याला बातमी सुचवली जाते, आणि त्यावर हास्य प्रसारित केलं जातं, असं त्यात होतं. तीन महिन्यांची ध्वनिमुद्रणं मागितली होती आणि विरामांचा खुलासा. परवानगीचं नूतनीकरण तेव्हा त्यांच्याकडेच पडलेलं. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मला विचारलं, "हसण्याचं कधी लावलंस?"

मी सांगितलं.

"कापून लावलंस?"

"हो बाई. सगळं कापून."

त्यांना हसू येत होतं की रडू, मला आजही ठरवता येत नाही. "अरे बाळा," त्या म्हणाल्या, "तू तर गाळलेल्या जागांची उत्तरपत्रिकाच छापलीस."

सुनावणी संगणकावर झाली. पडद्यावर एक मध्यमवयीन अधिकारी होते, सौम्य, थोडे थकलेले. त्यांनी मावशीचं वाक्य लावलं आणि माझ्या श्वासावर बोट ठेवल्यासारखं थांबवलं.

"मॅडम, ये चुप्पी क्या है?"

"साँस है, सर."

"किसकी? बोलनेवाली की?"

"नहीं. काटनेवाले की," बाई म्हणाल्या आणि मी मान खाली घातली.

त्यांनी कागद बाजूला सारले. त्यांचा आवाज खरंच चांगुलपणाचा होता. "देखिए, मुझे भी ऊपर जवाब देना है. यहाँ थोड़ा म्यूज़िक डाल दीजिए. आगे से चुप्पी नहीं रहेगी, इतना लिखकर दे दीजिए. बात खत्म."

बाईंनी विचार करायला सोमवारपर्यंतचा वेळ मागितला. पण त्याच दिवसापासून संगीत घालायला मला सांगितलं. मी बासरीचा एक तुकडा निवडला, बरोबर चार सेकंदांचा. पहिल्या दिवशी मला ते चांगलंच वाटलं. धुक्यातून कुणी गुराखी जात असावा तसं. "आज पानी काळं हाय," मग बासरी, "म्हशी नगा सोडू." कुठेही काही तुटलेलं नव्हतं.

गाववाल्याचा फोन आला. "भावा, काय लावलंय? कुणी बोललंच नाही आज. बासरी झाली आणि सगळे परत झोपले."

तिसऱ्या दिवशी मावशी फोनवर पाण्याचं काहीच बोलली नाही.

"ती पिपाणी कोन वाजवतंय?"

"मावशी, ते संगीत आहे. वरून सांगितलंय."

"वरून मंजी? माळ्यावरून?"

"दिल्लीवरून."

"दिल्लीला माझं पानी दिसतं व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आरं लेकरा, पयलं तू कापायचास तवा लोकांला कळायचं, मावशी बोलली पर हिचं कापलं. आता कुनाला कळतंय? काल शेजारीन मला इचारती, तुला कारन ठावं न्हाई का आता? माझं वाक्यच पुरं झाल्यावानी वाजतंय. म्या येवढंच बोलले, आसं वाटतंय लोकांला."

मी तिला आजच्या पाण्याचा रंग विचारला.

"मी न्हाई करायची फोन. माझी म्हसच बरी. तिला समदं सांगते, ती मधी बासरी न्हाई वाजवत."

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला नाही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. साडेसहाच्या जागेवर मी धरणाचा साठा आणि विजेच्या वेळा वाचल्या. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. तळेगाववर धुकं उतरलेलं होतं, दूर औद्योगिक वसाहतीचे दिवे त्यात मोत्यांसारखे लटकत होते, आणि त्यांच्यामधून कुठेतरी नदी जात होती. तिचा आजचा रंग मला माहीत नव्हता. कुणालाच माहीत नव्हता. त्या सकाळी कुणाची तरी म्हैस पाण्यात गेली असेल.

टेबलावर हमीपत्र टाइप करून ठेवलेलं होतं. खाली बाईंच्या सहीची जागा. मी बोलायला गेलो तर बाईंनी हात वर केला. शाळेतली त्यांची जुनी सवय, वाद घालायचा तर तोंडी नाही, कागदावर. "बोलताना तुझा गळा दाटून येतो," त्या म्हणाल्या, "मग मी तुझ्या गळ्याचंच ऐकते, म्हणण्याचं नाही. लिहून दे."

शनिवारी मी लिहिलं आणि गावठाणातल्या त्यांच्या घराच्या पत्रपेटीत टाकून आलो. सोमवारी त्या आल्या, हमीपत्र उचललं, दुमडून पिशवीत ठेवलं. सही केली नाही. खुलासा त्यांनी स्वतः लिहिला, अर्ध्या पानाचा, आणि त्याला माझं पत्र जोडून दिल्लीला पाठवलं. मला नंतर सांगितलं. बासरी काढून श्वास परत ठेवायला सांगितला, आणि मावशीकडे मला स्वतः जाऊन यायला लावलं. दिल्लीहून अजून काही आलेलं नाही. नूतनीकरण अडकलेलंच आहे. तिथून पत्र आलं की आधी कोण उघडणार, यावरून केंद्रात रोज थट्टा होते.

ते पत्र इथे देतो. दोनतीन ठिकाणची खाडाखोड सोडली तर जसंच्या तसं.

*आदरणीय बाई,*

*सा. न. वि. वि.*

*आधी माझी चूक. रविवारचं हसू मी लावलं, तुम्हाला न विचारता. मला वाटलं होतं की नियम पाळला म्हणजे झालं. केंद्र आज ज्या संकटात आहे ते माझ्यामुळे. यातून मला सुटका नको आहे.*

*आता म्हणणं. हमीपत्रावर सही करू नका, अशी विनंती आहे.*

*आपल्याला काय बोलायचं नाही हे सरकारने सांगितलं. ते चूक की बरोबर, हा वाद मोठ्या माणसांचा आहे. मला स्वतःला ते चूक वाटतं. आपल्या नदीचं पाणी काळं का, हे आपल्याच नदीकाठच्या बाईने आपल्याच रेडिओवर सांगू नये, हे मला कुणी कधी पटवून दिलेलं नाही. तरी आपण पाळलं. मी स्वतःच्या हाताने रोज कापलं. जावेचंसुद्धा कापलं.*

*पण आता ते वेगळंच मागत आहेत. आपण गप्प बसलो, हेसुद्धा कळू द्यायचं नाही, असं मागत आहेत. बाई, हे पहिल्यापेक्षा जास्त आहे. पहिल्यात मावशीचं बोलणं गेलं. यात तिचं बोलणं गेलं, हेही जातं. ती म्हणाली ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण मला लाज वाटली. ती म्हणाली, माझं वाक्य पुरं झाल्यासारखं वाजतं. शेजारणीला वाटलं, हिला कारण ठाऊकच नाही. जिला सगळं माहीत आहे तिला आपण चार सेकंदांत अडाणी केलं, आणि ऐकायला गोड वाटेल असं केलं.*

*ते साहेब वाईट नाहीत. म्हणूनच मला जास्त भीती वाटते. ते रागावले असते तर आपल्याला कळलं असतं की काहीतरी काढून घेतलं जातंय. ते फक्त थोडं संगीत घाला म्हणाले. उद्या त्यांच्या जागी दुसरे येतील आणि आवाजातला चढउतार काढायला सांगतील, तोही इतक्याच प्रेमाने, आणि तेव्हा आपल्या सहीचा कागद त्यांच्याकडे असेल.*

*परवानगी गेली तर काय काय जाईल ते मला माहीत आहे. माझी नोकरी जाईल. मी परत लाइनवर जाईन, त्यात कमीपणा नाही. दवाखान्याचं सदर आणि दहावीचे धडे जातील, त्याचं माझ्याकडे खरंच उत्तर नाही. मी रात्रभर शोधलं. एवढंच सुचलं की ते धडे ऐकणारी पोरं याच बसमधल्या माणसांची आहेत. ज्या रेडिओवर त्यांचे बाप विश्वास ठेवत नाहीत, त्याच्यावर ती पोरं तरी किती दिवस ठेवतील?*

*आईने मला विचारलं होतं, रेडिओत तू नेमकं काय करतोस. मी सांगितलं, लोकांचं बोलणं कापतो. ती म्हणाली, मग शिकलास कशाला? मी तिला सांगितलं की बाई मला कापलेलं लपवू देत नाहीत. तेवढं तिला पटलं. तुम्ही सही केलीत तर तिला सांगायला माझ्याकडे काही उरणार नाही.*

*खुलाशात दोष कुणाचा हे लिहावं लागलं तर माझं नाव लिहा, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते साहेब कदाचित पुढचं विचारतील, की बसमध्ये हसलं कोण. मला त्यातले बरेच आवाज ओळखू येतात. पण ती नावं मी देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका.*

*आपला विद्यार्थी*